पुणे–ताम्हिणी–भिरा: सायकल आणि अंधारबनची पायवाट एकाच फेरीत जमेल का?

दोनचाकी_भटक्या

मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिघांचा बेत आहे. चांदणी चौकातून सायकलने मुळशी, ताम्हिणी करत कोकणात उतरायचं आणि मधे पिंपरी ते भिरा ही अंधारबनची वाट पायी करायची. दोन हायब्रिड आहेत (३५ मिमी टायर, एकीला मेकॅनिकल डिस्क, म्हणजे केबलने चाकामधली चकती पकडणारा ब्रेक, एकीला रिम पकडणारा व्ही-ब्रेक), तिसरी रोड बाइक, २८ मिमी टायरची. दिवसाला ७०-८० किमी सहज होतात, पण लांबलचक घाट उतरायची कोणालाच सवय नाही.

अडचणी अशा. अंधारबनची वाट १३ किमीच्या आसपास आहे, मग सायकल ढकलत-उचलत त्याच वाटेने खाली नेली तर रस्त्याचा वळसा वाचेल का? ताम्हिणीच्या उतारावर ब्रेकचं काय करायचं? आणि भिऱ्याहून पुण्याला परत कसं यायचं? पुन्हा घाट चढायची दोघांची तयारी नाही.

घाटवाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. एक तर ती वाट ताम्हिणी अभयारण्यात आहे. पिंपरीच्या बाजूला वनखात्याच्या चौकीवर नोंद करून, शुल्क भरून आत जायचं असतं, आणि ती परवानगी चालणाऱ्या माणसाची असते. दुसरं म्हणजे सायकल तिथे निव्वळ ओझं आहे. पिंपरी ते हिरडी (वाटेतलं गाव) वाट बरीचशी आडवी जाते. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची दरी आणि मधे जेमतेम एका माणसाची पायवाट. सायकल ढकलायची तर माणूस आणि सायकल शेजारीशेजारी हवेत, म्हणजे दोघांपैकी एक दरीच्या बाजूला. हिरडीच्या पुढे उतार अंगावर येतो. दगडगोटे, मुळं, घसारा. तिथे दोन्ही हात रिकामे लागतात.

वळसा वाचवायच्या नादी लागू नका. सायकल आणि चाल या दोन वेगळ्या फेऱ्या समजा, फक्त मुक्काम एकच ठेवा: पाटणूस किंवा भिरा.

पहिला दिवस: चांदणी चौक ते मुळशी धरण साधारण ३५ किमी, तिथून ताम्हिणी गाव वीस-बावीस, ताम्हिणीहून घाट उतरून विळे आणखी वीसेक, विळ्याहून उजवीकडे वळून पाटणूस-भिरा दहा-बारा. एकूण नव्वदच्या आत-बाहेर. अंतर मोठं नाही, पण मुळशीच्या जलाशयाकाठचा रस्ता सतत वरखाली होतो आणि पाय तिथेच संपतात. म्हणून पहाटे साडेपाचला निघा. शनिवारी दहानंतर पर्यटकांच्या गाड्या आणि विळे-भागाड औद्योगिक वसाहतीकडे जाणारे ट्रक एकाच रस्त्यावर येतात. पौडला पोटभर नाश्ता करून घ्या आणि पाणी भरून घ्या. पुढे हॉटेलं आहेत, पण सकाळी सातला उघडी मिळतीलच असं नाही.

दुसरा दिवस: सायकली मुक्कामाच्या घरी कुलपात. आदल्या रात्री गावातली जीप ठरवून ठेवा. पाटणूस–विळे–ताम्हिणी–पिंपरी हे चाळीसेक किमी आहे, घाट चढायचा असल्याने सव्वा ते दीड तास धरा. पिंपरीतून सात-साडेसातला चालायला लागलात तर हिरडी साडेदहा-अकरापर्यंत येते आणि चारच्या आत भिऱ्यात उतरता. पाठीवर पाणी आणि डबा, बाकी सामान खालीच.

तिसरा दिवस: भिरा–कोलाड–रोहा. त्याबद्दल कोणीतरी लिहीलच.

मडगार्ड

ब्रेकबद्दल. ताम्हिणी काही वरंधा किंवा आंबेनळी नाही, पण वरून खालपर्यंत साधारण ५०० मीटर उतरता. चालक, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. ५०० मीटर उतरताना सुमारे ४.४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. सव्वा लिटर गार पाण्याला उकळी आणायला लागते, तेवढी. थोडी हवेचा विरोध खातो. उरलेली तुमच्या ब्रेकमध्ये जाते.

घाट न उतरलेले लोक एकच चूक करतात: भीतीने दोन्ही लिव्हर हलके दाबून ठेवतात आणि तसेच पाच-सहा किमी खाली येतात. उष्णता बाहेर पडायला उसंतच मिळत नाही. मेकॅनिकल डिस्कचे पॅड तापून त्यांच्या पृष्ठभागावर काचेसारखा चकचकीत थर चढतो, मग लिव्हर पूर्ण दाबूनही सायकल घरंगळतच राहते. व्ही-ब्रेकमध्ये रिम तापते, ट्यूबमधली हवा तापते, आणि आधीच अशक्त असलेला पॅच उचकटतो.

करायचं ते उलट. सरळ तुकड्यावर ब्रेक सोडून द्या. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच, दोन-तीन सेकंद दोन्ही ब्रेक नीट दाबा, वेग उतरवा आणि वळणात शिरताना सोडा. वळणाच्या आत पुढचा ब्रेक दाबलात तर पुढचं चाक सरकतं, आणि ऑक्टोबरात वळणांच्या आतल्या कडेला पावसाने वाहून आलेली बारीक खडी पडलेली असते. मधे डोंगरवाडीजवळ पाच मिनिटं थांबा. दरी बघा, रिम आणि डिस्क गार होऊ द्या. डिस्कला बोट लावून बघायची हौस नको, कातडी चिकटते.

निघायच्या आधी डिस्कचे पॅड काढून उजेडात धरा. धातूच्या पट्टीवरचा मसाला १ मिमीपेक्षा कमी उरला असेल तर बदला. चकाकत असेल तर सपाट फरशीवर बारीक सँडपेपर ठेवून त्यावर पॅड घासा, चकाकी जाऊन करडा रंग दिसेपर्यंत. पॅडला किंवा डिस्कला साखळीच्या तेलाचा हात लागू देऊ नका, तो पॅड मग कामातून गेला. व्ही-ब्रेकच्या रबरात रुतलेली खडी सुईने टोकरून काढा, नाहीतर ती रिमला खात राहते. मेकॅनिकल डिस्कवाल्याने केबलचा ताण निघायच्या दिवशीच तपासावा. पॅड झिजले की लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागतो. बॅरल अ‍ॅडजस्टर (केबलच्या टोकाचा हाताने फिरवायचा स्क्रू) अर्धा-एक फेरा बाहेर फिरवला की पुन्हा जागेवर.

हवा: ३५ मिमीला ७० किलोच्या माणसासाठी ५० ते ५५ पीएसआय पुरते. रस्ता ओला असेल तर पाचेक कमी करा. २८ मिमीवाल्याने खड्डा चुकवायचाच, कारण रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात ट्यूब चिमटली की एकदम दोन भोकं पडतात. तिघांत मिळून दोन्ही मापांच्या ट्यूब दोन-दोन, पॅच, टायर लिव्हर, पंप, साखळीची जोडकडी, आणि मागे लाल लुकलुकणारा दिवा. सकाळी मुळशीच्या काठाला धुकं असतं, तेव्हा दिवा हेल्मेटइतकाच महत्त्वाचा.

सह्यपदर

मुळशीवरून कशाला जाता? लोणावळा–भांबुर्डे–पिंपरी करा. गर्दी कमी, जंगल जास्त. पिंपरीत सायकली ठेवून अंधारबन हिरडीपर्यंत जा आणि आल्या वाटेने परत या. जीपचा खर्च वाचतो.

घाटवाट

रस्ता देखणा आहे, वादच नाही. पण पावसाळा संपल्या-संपल्या त्याची चाळण झालेली असते. २८ मिमीच्या टायरला तो नको. शिवाय मधे दुकानं नाहीत, पंक्चरवाला नाही. हिरडीहून परत फिरायची कल्पना मात्र चांगली. पावसाचं सावट असेल तर तेच करा, कारण उताराचा टप्पा ओला असताना वेळ दुप्पट लागतो.

पाणकावळा

सगळे ब्रेकवर बोलताहेत, मी पाण्यावर बोलतो. या फेरीत दोन प्रकारचं पाणी भेटतं, आणि दोन्ही सांगून येत नाहीत.

पहिलं ओढ्यांचं. ऑक्टोबरात पाऊस गेला असं आपण म्हणतो, पण परतीच्या पावसाच्या सरी दुपारनंतर गडगडाटासह घाटमाथ्यावर कोसळतात. हा मुलूख साधा नाही. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिमी पाऊस नोंदला गेला होता. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि ओढ्याच्या उगमाकडे पाऊस सुरू असतो. अंधारबनच्या वाटेवर असे ओढे अनेक आडवे येतात. लोंढा यायच्या आधी खुणा दिसतात: नितळ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या एकदम वाहत यायला लागतात, पाण्याखाली दगड गडगडल्याचा आवाज येतो. यातलं एक जरी दिसलं तरी ओढ्याबाहेर. फोटो नाही, बाटली भरणं नाही.

पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असेल तर ओलांडू नका. पाणलोट लहान असल्याने पाऊस थांबला की तास-दोन तासांत हे ओढे उतरतात, तेव्हा थांबणं हाच उपाय. गुडघ्याखाली असेल तर सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे आधी सोडा, म्हणजे पडलात तर सॅक झटकता येते. बूट पायातच ठेवा. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाय. शेवाळलेल्या उघड्या दगडावरून उड्या मारण्यापेक्षा पाण्यातल्या वाळूत पाय टाकलेला बरा. आणि दोर कमरेला बांधून कोणालाही पाण्यात उतरवू नका. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली दाबून धरतो.

दुसरं पाणी कुंडलिकेचं, तिसऱ्या दिवसाचं. मुळा नदीचं पाणी खरं तर पूर्वेला, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जायचं. ते मुळशीला अडवून बोगद्या-नळांतून भिऱ्याच्या वीजघरात पाडलं जातं आणि तिथून कुंडलिकेत येतं. म्हणजे पहिल्या दिवशी ज्या जलाशयाच्या काठाने सायकल चालवलीत, त्याचंच पाणी तिसऱ्या दिवशी तुमच्या शेजारून रेवदंड्याकडे चाललेलं असतं. कोलाडचं राफ्टिंग या सोडलेल्या पाण्यावर चालतं. तेव्हा सकाळी पात्रात कोरडे दगड दिसले म्हणून मधल्या खडकावर डबा उघडून बसू नका. पाणी सोडलं की पातळी भराभर चढते, आणि आकाशात ढग असण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. पोहायचंच असेल तर गावातल्या माणसाला विचारून, काठाला.

भिऱ्यात देवकुंड धबधब्याचा मोह होईल. पावसाळ्यात तिथे प्रशासनाची बंदी असते. ती उठली आहे का ते गावात विचारून घ्या आणि नसेल उठली तर विषय संपला.

घाटवाट

पाणकावळा यांच्या लिहिण्यात वाटेबद्दल थोडी भर. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं आणि कारवी दाट, त्यामुळे वाटेची दरीकडची कड दिसत नाही. काठी आधी टेकवा, मग पाय. हिरडीच्या पठारावर ढोरवाटा चहूकडे फुटतात. मळलेली म्हणून कुठलीही धरू नका, गुरं पाण्याकडे जातात, भिऱ्याकडे नाही. गावात विचारा, जमल्यास उतार लागेपर्यंत वाटाड्या घ्या. दरीत मोबाइलला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. कड्यांना आग्यामाशांची पोळी असतात, म्हणून अत्तर-स्प्रे नको, धूर नको, आरडाओरडा नको. शेकरू बघायचं असेल तरी तोंड बंदच ठेवावं लागतं. फांदीवर हालचाल होते तेव्हा पानांचा आवाज आधी येतो.

पाणी माणशी तीन लिटर. ओढ्याचं भरलंत तर फडक्यातून गाळा, क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही.

रूळावरचा

परतीचं. भिऱ्याहून रवाळजेमार्गे कोलाड, किंवा विळ्याला परत येऊन सुतारवाडीवरून कोलाड, दोन्ही पंचवीसेक किमीच्या आसपास. रस्ता झाडीतून, हळूहळू उतरता. पण नऊच्या आत उरका, कोकणातली ऑक्टोबरची उन्हं डोंगरातल्यासारखी नसतात.

कोलाड हे रोह्यानंतरचं कोकण रेल्वेचं पहिलं स्टेशन. गाड्या थोड्या आणि थांबा मिनिट-दोन मिनिटांचा, तेवढ्यात तीन सायकली ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) चढत नाहीत. म्हणून रोह्याला जा, सायकल सामान म्हणून बुक होते का ते तिथल्या पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी विचारून ठेवा. नाहीच जमलं तर पनवेल. एसटीच्या भरवशावर राहू नका, बऱ्याच गाड्यांच्या टपावर आता कॅरिअर नसतो. तिघं असाल तर कोलाड नाक्यावरून पिकअप ठरवणं सर्वात सुटसुटीत. सायकली आडव्या एकमेकींवर रचू नका. उभ्या, आळीपाळीने तोंड उलट करून, मधे गोणपाट, आणि गिअरची बाजू शेजारच्या सायकलला टेकणार नाही अशी. मागचा डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बसवलेली पट्टी वाकली की घरी पोचल्यावर सगळ्यात खालच्या गिअरला तो आऱ्यांत शिरतो.

दोनचाकी_भटक्या

सगळ्यांचे आभार. सायकल ढकलायचा विचार सोडला. तिघांपैकी एक म्हणतोय की तिसऱ्या दिवशी तो एकटा विळ्याहून घाट चढून पुण्याला येईल. रोड बाइकवाला. गिअर पुढे ५० आणि ३४ दातांचे, मागे ११ ते २८ दातांचे.

मडगार्ड

चढ सरासरीला चारेक टक्के आहे, पण वळणांवर बराच जास्त. दोन दिवसांच्या थकल्या पायांना ३४/२८ हा त्याचा सगळ्यात हलका गिअरही जड जाईल. मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) ३२ दातांपर्यंतची करता येते का ते पाहा. त्याआधी डिरेलरची क्षमता किती दातांची आहे ते बघा, आणि साखळी दोन कड्या लांब लागेल. आणि पिरंगुटचा घाट जाताना उतार असतो, येताना चढ. तो शेवटच्या पंधरा किमीत येतो, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.