मदत हवी आहे: ‘कॅसाब्लांका’तले निर्वासित कलाकार

नमस्कार मंडळी,

आमच्या फिल्म क्लबात पुढच्या महिन्यात ‘कॅसाब्लांका’ (१९४२) दाखवणार आहोत. आधी पंधरा मिनिटं मी बोलणार आहे. नायक-नायिका बोगार्ट-बर्गमनबद्दल ढीगभर मिळतं. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, निर्माता हॅल वॉलिस, संगीतकार मॅक्स स्टायनर, पटकथेतले एपस्टीन बंधू, हेही सगळीकडे आहे. मला हवी आहेत ती मागच्या टेबलांवरची माणसं.

नायक रिकच्या कॅफेत जर्मन अधिकारी गात असतात आणि नाझीविरोधी लढ्यातला नेता लाझलो बँडला ‘मार्सेयेज’ (फ्रान्सचं राष्ट्रगीत) वाजवायला लावतो, तो प्रसंग आठवा. डोळ्यांत पाणी आणून गाणारी इव्हॉन म्हणजे मादलेन लबो. ती आणि तिचा नवरा मार्सेल दालिओ (रिकच्या जुगाराच्या टेबलावरचा माणूस तोच) नाझींच्या तावडीतून फ्रान्समधून निसटले होते. उलट नाझी अधिकारी मेजर स्ट्रासर रंगवणारा कॉनराड वाइट नाझीविरोधी होता आणि त्याने १९३३मध्येच जर्मनी सोडली होती. हे कळल्यापासून तो प्रसंग मला निराळाच दिसतो, आणि प्रेक्षकांनाही तो तसा दिसावा असं फार वाटतं.

तर, या छोट्या भूमिकांतल्या, श्रेयनामावलीत नाव नसलेल्या निर्वासित कलाकारांवर खात्रीचं पुस्तक किंवा माहितीपट कुणी सुचवेल का? मराठीत कुणी लिहिलं असेल तर फारच उत्तम. शिवाय कॅफेतल्या पियानोवादक सॅमचं काम करणारा डूली विल्सन मुळात ड्रमवादक, पियानो पडद्याआड एलियट कारपेंटरने वाजवला. कारपेंटरविषयीही वाचायला आवडेल.