पूर्वेकडे गेलं की जास्त त्रास

काही जण म्हणतात की विमानाच्या बिझनेस क्लासमध्ये मस्त झोप काढली की खेळाडूंना जेटलॅगचं (लांबच्या प्रवासानंतर शरीराचं घड्याळ नव्या ठिकाणच्या वेळेशी न जुळण्याचं) काही वाटत नाही. झोपेने प्रवासाचा शीण जातो हो, पण शरीरातलं घड्याळ तिकिटाचा क्लास बघत नाही ना! ते बहुतेकांचं २४ तासांपेक्षा थोडं जास्तच चालतं, म्हणून दिवस लांबवणं सोपं जातं आणि आखडणं अवघड. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, पूर्वेकडे आखडतो, त्यामुळे पश्चिमेपेक्षा पूर्वेकडे जाताना जास्त वाट लागते. अमेरिकन बेसबॉलच्या १९९२ ते २०११ मधल्या मॅचेस तपासून २०१७ मध्ये एक अभ्यास आला होता, त्यातपण साधारण हेच दिसलं, आणि गंमत म्हणजे दौऱ्यावरून घरी परतलेल्या टीमलाही फटका बसतो, होम ग्राउंड असून!

दुसरं म्हणजे मॅचची वेळ. शरीराचं तापमान संध्याकाळी सगळ्यात जास्त असतं आणि ताकद, वेग पण साधारण तेव्हाच चांगला मिळतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकन टीव्हीच्या प्राइम टाइमसाठी स्विमिंगच्या फायनल्स सकाळी ठेवल्या होत्या (पैसा बोलतो, दुसरं काय). शरीराचं घड्याळ नव्या वेळेशी जुळायला ढोबळ हिशोब एका टाइम झोनला एक दिवस, पण एवढ्या टाइट शेड्यूलमध्ये तेवढे दिवस देणार कोण?