उपचार निधी: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बी-२०४: सेक्रेटरीसाहेब, परवा मीटिंगला निम्मे सभासदही नव्हते. मग ‘उपचार निधी मंजूर’ हा मेसेज आलाच कसा?

सेक्रेटरी: ताई, तत्त्वतः मंजूर, असं लिहिलंय. आपल्याच पैशात आपलेच उपचार, विम्याची कटकट नाही. कल्पना वाईट आहे का?

बी-२०४: कल्पना चांगली, गणित कच्चं. ४८ घरं, प्रत्येकी महिन्याला एक हिस्सा, वर्षाचे ५७६ हिस्से. आयसीयूतला एकच लांबलेला मुक्काम ते सगळे गिळेल. एवढ्याशा गटात एक वर्ष कोरडं जातं आणि पुढच्या वर्षी सात जण एकदम येतात.

सी-३०२: त्यापेक्षा नोटेला मुदत घाला, पैसा फिरता राहतो. व्योर्गल, १९३२.

ए-१०१: झालं सुरू 🙏

सी-३०२: हसू नका काका. ऑस्ट्रियातलं गाव आहे, त्याने स्वतःची नोट काढली होती. दरमहा दर्शनी किमतीच्या १ टक्क्याचं तिकीट चिकटवल्याशिवाय गावची नोट चालायची नाही, म्हणून कुणी ती दाबून ठेवत नव्हतं. त्यातून रस्ते झाले.

बी-२०४: आणि १९३३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ते बंद पाडलं, तेही लिहा ना.

ए-१०१: लिफ्टच्या निधीला मुदत घातली असती तर निदान लिफ्ट तरी फिरती राहिली असती.

सेक्रेटरी: लिफ्टचा हिशोब बोर्डावर लावलाय. विषयावर या.

डी-४०१: निधी ऐच्छिक ठेवू नका. ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय तो आधी नाव देतो, धडधाकट माणूस ‘बघू’ म्हणतो. मग हिस्सा वाढतो आणि उरलेले धडधाकटही निघून जातात. सगळे एकाच दिवशी आत, पहिले ९० दिवस दावा नाही. १४४ हिस्से राखीव. उरलेल्या ४३२ मधून एका घराला कमाल ७२. कागदावर ‘मदत’ लिहा, ‘हक्क’ नको. भरपाईचा शब्द दिलात तर तो विम्याचा धंदा झाला, त्याला परवाना लागतो.

सेक्रेटरी: डॉक्टर, हे मीटिंगला बोलला असतात तर बरं झालं असतं.

डी-४०१: निरोप आला असता तर आलो असतो.

सी-३०२: पुन्हा टाकतोय. नोटेला मुदत. नोट नको तर तासांना घाला: एक तास सेवा दिली की एक तास जमा.

बी-२०४: हे जमेल. पण तासांच्या बँका अडतात कुठे, तर सगळे जमा करतात आणि मागायला लाजतात. शिल्लक १० तासांवर गेली की आधी खर्च करा, मगच पुढची जमा. उधारीही १० पर्यंतच.

ए-१०१: तासाभरात करायचं काय? बीपी मोजायचं?

डी-४०१: मोजा, पण नीट. आधी ५ मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. बाहीवरून बांधला की आकडा चुकतो, पट्टा लहान पडला की उगाच वाढीव येतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही लिहा. इन्सुलिनचं प्रमाण ठरवणं, कॅथेटरला हात लावणं तासांच्या वहीत नको.

ए-१०१: पट्टा मोठा हवा म्हणजे माझ्या दंडाकडे बोट का, डॉक्टर? 😄

सी-३०२: मुदतीचा मुद्दा अजूनही कुणी वाचलेला नाही.

सेक्रेटरी: रविवारी ११ ला मीटिंग. विषय: निधी आणि तासांची वही.

बी-२०४: या वेळी नोटीस दारावर लावा. आणि कोरम मोजा, अंदाजाने नको.