एबॅप (एसएपी या व्यवसाय-सॉफ्टवेअरची प्रोग्रॅमिंग भाषा), ७ वर्षं अनुभव, पुणे: २४ लाखांची ऑफर घ्यावी का?

कोरडवाहू: सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा एकूण वार्षिक खर्च) २४ लाख, त्यात व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) ३.६० लाख, बेसिक १२ लाख. हातात किती पडतील? आणि ईसीसी (एसएपीची जुनी प्रणाली) बंद होतंय म्हणतात, मग एबॅपचं काय?

हिशेबी: व्हेरिएबल बाजूला काढा. कंपनीचा पीएफ १,४४,००० आणि ग्रॅच्युइटी ५७,७२० (बेसिकच्या ४.८१%) सीटीसीतच धरलेत. उरले १८,३८,२८०. त्यातून तुमचा पीएफ तेवढाच, व्यवसाय कर २,५००, नव्या करपद्धतीत २०२५-२६ च्या दरांनी कर साधारण १,५८,७६०. महिन्याला १,२७,७०० च्या आसपास. २४ भागिले १२ करून गृहकर्जाचा हप्ता ठरवू नका!

जॉइनिंग बोनस सीटीसीत मिसळलाय का, तेही बघा. पुढच्या वर्षी तो गायब होतो आणि वर्षाच्या आत सोडलंत तर बहुधा परत मागतात.

ट्रान्सपोर्ट_अडकला: ईसीसीचा नेहमीचा मेंटेनन्स २०२७ अखेर संपतो, जादा पैसे मोजून २०३० पर्यंत. म्हणजे मायग्रेशनचं (नव्या प्रणालीवर नेण्याचं) काम भरपूर, पण नुसते रिपोर्ट आणि स्मार्टफॉर्म्स (छापील फॉर्म) लिहिणाऱ्याला भाव नाही. सीडीएस व्ह्यू, रॅप, ओडेटा ही एसएपीची नवी तंत्रं हातात हवीत. मुलाखतीत हमखास विचारतात: ऑर्डर बाय (क्रम लावण्याची सूचना) नसलेला जुना सिलेक्ट (डेटा वाचण्याची आज्ञा) हानावर, म्हणजे एसएपीच्या नव्या डेटाबेसवर, का फसतो? कारण ओळी ठरावीक क्रमाने येतील याची हमीच नसते. पुढचा बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीतच चालणारा शोध) गप्प चुकतो.

कोरडवाहू: नोटीस ९० दिवसांची आहे. बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं) करावं का?

हिशेबी: नवी कंपनी भरणार असेल तर ऑफर लेटरमध्ये रकमेसकट लिहून घ्या. एचआरचं फोनवरचं ‘हो’ धरू नका.