नाताळची सुट्टी, हिमवादळ आणि घरात अडकलेली माणसं: तुमचे अनुभव

पळसपान
काल रात्री जेवताना घरातले सगळे फोन एकदम केकाटले. स्नो स्क्वॉलचा (अचानक येणाऱ्या जोरदार बर्फाच्या झोताचा) इशारा होता, साधाच, गाडी जपून चालवा वगैरे. पण तो आवाज ऐकून माझा घास हातातच राहिला. २०२२ च्या नाताळात आम्ही बफेलोजवळ राहत होतो आणि तेव्हापासून हा आवाज मला सहन होत नाही.

आई-बाबा पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले. बाबांना "खरा बर्फ" बघायचा होता, तेवढ्यासाठी मुद्दाम डिसेंबर निवडलेला. २३ तारखेला शुक्रवारी सकाळी चक्क पाऊस पडत होता, बाबा जरा हिरमुसलेच. मग बघता बघता वारा फिरला, पावसाचा बर्फ झाला आणि साडेनऊला काउंटीने (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) गाड्या बाहेर काढायला बंदी घातली. बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले आणि क्रिकेटची कॉमेंट्री द्यावी तसं सांगायला लागले, समोरचं घर गेलं, आता झाड गेलं, आता आपली पत्रपेटी पण गेली. दुपारनंतर काहीच उरलं नाही जायला, नुसतं पांढरं. मग ते गप्प झाले.

रात्री लाईट गेले. सगळे एका खोलीत, होती नव्हती ती पांघरुणं घेऊन. आईने बॅगेतून दोन सुती साड्या काढल्या आणि गुंडाळून दाराच्या फटीत कोंबल्या. सकाळी बघितलं तर खिडकीच्या कडीवर आतून बर्फ धरलेला. आतून! आणि वारा असा की छप्पर उचलतोय की काय. एरवी दर पाच मिनिटांनी बर्फ काढणारी गाडी जाते ती पण नाही, कारण त्याच अडकून पडलेल्या. अँब्युलन्स, फायर ब्रिगेड कोणी कोणाकडे पोचू शकत नव्हतं.

नंतर वाचलं की हिमवादळ सलग ३७ तास चाललं, विमानतळावर ५१.९ इंच बर्फ मोजला, आणि एकट्या आमच्या ईरी काउंटीत ४७ माणसं गेली. काही गाडीत, काही स्वतःच्याच घरात. आमचे लाईट आले म्हणून आज हे लिहायला बसलेय. बाबा आता कोणी बर्फाचे फोटो दाखवले की हो हो छान म्हणतात आणि फोन परत देतात.

तुमचे पण असतील असे अनुभव, सुट्टीतले, थंडीतले, कुठलेही. लिहा.

खारीबिस्कीट
बापरे. आईने साड्या कोंबल्या हे वाचून पोटात तुटलं.

आमचं डेन्वर, तेच वादळ, दोन दिवस आधी. २१ तारखेला दुपारी मी स्वेटरवर कुत्र्याला फिरवत होतो, ४२ फॅरनहाईट, म्हणजे आमच्याकडे उन्हाळाच. आणि तासाभरात ५!! विमानतळावर एका तासात ३७ अंश उतरलं, रेकॉर्ड आहे ते. ढग वगैरे काही नाटक नाही, एकदम एक थपडेसारखा वारा आला बस. दुसऱ्या दिवशी सकाळी उणे २४, फॅरनहाईटच. नाकातले केस गोठतात ते कळतं, श्वास घेतला की आत टोचतं. कुत्रा दारातून बाहेर बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि परत जाऊन झोपायचा. शेवटी गॅरेजमध्ये वर्तमानपत्र अंथरलं, काय करता

सातवा_मजला
एक बाळबोध प्रश्न. पळसपान, तुमचं हीटिंग गॅसवर नव्हतं का? मग लाईट गेल्यावर बंद का पडलं?

पळसपान
@सातवा_मजला गॅसवरच. पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा विजेवर, आणि पेटवणारा कंट्रोल बोर्ड पण विजेवर. गॅस येतोय, शेगडी काडीने पेटतेय, फर्नेस (घर तापवणारी भट्टी) मात्र ढिम्म. मला पण त्याच रात्री कळलं 😐

इंजिनदादा
लाईट असले तरी बंद पडू शकतं बरं का. नवीन फर्नेसचा धूर प्लास्टिकच्या पाईपमधून बाजूच्या भिंतीतून बाहेर काढतात, तो पाईप बर्फाखाली गाडला गेला की मशीन स्वतःहून बंद होतं. नाही झालं तर अजून वाईट, कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू घरात. वादळाच्या आधीच पाईप कुठे आहे बघून ठेवा आणि दर काही तासांनी फावडं घेऊन मोकळा करा. आणि गाडीचं तेच, बर्फात अडकलात तर सायलेन्सर मोकळा केल्याशिवाय इंजिन चालू ठेवून बसू नका. दरवर्षी कोणीतरी जातं असं.

गोधडी
इंजिनदादा +१००. टोरांटो, २०१३. तो बर्फ नव्हता, गोठणारा पाऊस होता, २१-२२ डिसेंबरला. वरून पाऊस म्हणून पडतो आणि जिथे पडेल तिथे काच होऊन बसतो. आधी इतकं सुंदर दिसतं, प्रत्येक काडीला काचेचं कव्हर, माझी लेक तर नाचत होती. मग रात्री सुरू झालं, कडाड! कडाड! फांद्या मोडायला लागल्या, आणि फांद्या पडल्या तारांवर. शहरात तीन लाखांच्या आसपास घरांची वीज गेली, काहींची नाताळ उलटून गेला तरी नव्हती. आमच्या गल्लीत अर्ध्यांची होती अर्ध्यांची नाही, तर समोरच्या घरातून एक लांबलचक एक्स्टेन्शन वायर रस्ता ओलांडून आमच्या फ्रीजला. ज्यांच्याशी तोवर नुसतं हाय हॅलो होतं त्यांच्या सोफ्यावर झोपलो आम्ही.

फ्रीज कशाला चालू ठेवला विचारू नका, बाहेर अख्खा फ्रीजच होता. नवऱ्याचा हट्ट.

हां ते राहिलंच, त्या वेळी लोकांनी घरात बार्बेक्यू पेटवले ऊब म्हणून आणि त्याच मोनॉक्साईडने दवाखान्यात गेले, काही दगावले. कोळसा घरात नाही म्हणजे नाही.

रिकामटेकडा
मी पुण्यात बसून वाचतोय, खिडकी उघडी होती ती लावून घेतली

गोधडी
@रिकामटेकडा 😂 कानटोपी पण घाला

कोपरकर
टेनेसी, तेच २०२२ चं वादळ. आमच्याकडे बर्फ जेमतेम चिमूटभर. पण थंडी अशी की वीज कंपनीलाच पुरेना, २३ आणि २४ तारखेला आळीपाळीने लाईट घालवले. टीव्हीए (टेनेसी व्हॅली अथॉरिटी, इथली वीज बनवणारी सरकारी कंपनी) म्हणजे १९३३ पासूनची संस्था, तिच्या इतिहासात असं पहिल्यांदाच. अन् सगळ्यांचे घर गरम करणारे हीट पंप विजेवर. लई मज्जा. लाईट आले की सगळे पळत सुटायचे, एक जण चहा टाकतोय, एक फोन लावतोय चार्जिंगला, सासूबाई मायक्रोवेव्हपाशी उभ्या, आणि तेवढ्यात परत फुस्स. सासूबाई म्हणाल्या हे तर आपल्या गावचं लोडशेडिंग, त्यासाठी इतक्या लांब कशाला आणलंत. शनिवारी नॅशव्हिलला फुटबॉलची मॅच होती, महापौरांनी सांगितलं म्हणून तासभर पुढे ढकलली. फक्त तासभर! आमचा शेजारी त्यावरच जास्त चिडलेला.

मेतकूटभात
तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा

कोपरकर
सांगतो. त्यांना आवडेल, त्यांना कोणी पाठिंबा दिला की दोन दिवस माझी वाट लागते

भटकभवानी
मी शिकागोच्या विमानतळावर. घरी जायचं होतं बहिणीकडे, दोन मुलं, एक स्ट्रोलर, आणि आधी म्हणाले दोन तास लेट मग म्हणाले विमान आहे पण पंखांवरचा बर्फ काढायला रांग आहे मग ती रांग संपली तर वैमानिकाचे कामाचे तास संपले, नियम आहे तो, बरोबरच आहे नियम, पण मध्यरात्री मूल मांडीवर असताना नियम बरोबर आहे हे पटत नाही माणसाला. बॅगा आत गेलेल्या त्या परत मिळेनात, म्हणजे सगळे जाड कपडे विमानाच्या पोटात आणि आम्ही बाहेर उणे तापमानात टॅक्सीच्या रांगेत जाऊ पण शकत नाही. बॅगांच्या पट्ट्यापाशी जमिनीवर झोपलो. शेजारी एक आजोबा होते, भाषा अजिबात कळत नव्हती, पोलिश असावेत, त्यांनी स्वतःचा ओव्हरकोट काढून माझ्या धाकट्यावर टाकला आणि सकाळपर्यंत नुसत्या शर्टावर बसून राहिले. मी परत द्यायला गेले की हाताने खूण करायचे, राहू दे. सकाळी त्यांच्या मुलीने येऊन नेलं त्यांना. नाव विचारायचं पण सुचलं नाही.

तेव्हापासून हातातल्या बॅगेत प्रत्येकाचं एक जाकीट, टोपी, औषधं आणि एक दिवसाचे कपडे. बाकी जगभर फिरू दे त्या बॅगेला.

पळसपान
भटकभवानी, काय गं हे. डोळे भरून आले.

त्यावरून आठवलं, बफेलोजवळच दक्षिण कोरियाच्या पर्यटकांची व्हॅन बर्फात रुतली आणि ते फावडं मागायला एका घराचं दार वाजवायला गेले. त्या घरातले दंतवैद्य आणि त्यांची बायको, दोघांनी सगळ्यांना घरातच ठेवून घेतलं. गंमत म्हणजे त्या घरात किमची आणि कोरियन मसाले आधीपासून होते कारण त्यांना ते जेवण आवडायचं! वर्तमानपत्रात आलं होतं सगळं.

मेतकूटभात
आपली व्हॅन रुतली तर समोरच्या घरात गोडा मसाला निघेल का हा खरा प्रश्न आहे

रिकामटेकडा
निघेल पण त्यांना तुमचा आवडणार नाही, त्यांच्या आईचाच लागेल

आडगावकर
इंग्लंड २०१०. इकडे दोन इंच पडला तरी देश थांबतो त्यामुळे अमेरिका कॅनडावाल्यांनी हसू नये. पण तो डिसेंबर खरंच वेगळा होता, १९१० पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात थंड. १८ तारखेला लंडनचं हीथ्रो विमानतळ बंद पडलं आणि लोक टर्मिनलमध्ये फॉइलच्या चादरी पांघरून. आमचं तिकीट २० चं, मुंबईचं, लग्न होतं चुलतभावाचं, ते लग्न मी फोनवर ऐकलं. मंगलाष्टकं अर्धवट, मध्येच कट.

पण सांगायचं ते वेगळंच. बॉयलर बंद. गुरगुर करून बंद. प्लंबर म्हणाला नाताळनंतर येतो, माझ्यासारखे शंभर फोन आलेत. मग शेजारच्या बाईंनी सांगितलं की बॉयलरमधून निघणारं पाणी बाहेर सोडणारा प्लास्टिकचा बारीक पाईप असतो तो गोठलाय, त्यावर कोमट पाणी ओत. उकळतं नाही, पाईप तडकतो. दोन किटली ओतल्या, रीसेट दाबलं, चालू! त्या वर्षी निम्म्या देशाने हेच केलं असेल.

इंजिनदादा
@आडगावकर त्या पाईपला बाहेरून फोमची नळी बसवून घ्या, कायमचं काम. जाड पाईप टाकला तर उत्तमच.

आडगावकर
घेतलीय कधीच. दिसायला भयाण आहे

सातवा_मजला
अजून एक. पाईप गोठू नये म्हणून नळ थेंब थेंब चालू ठेवायचा म्हणतात ते गार का गरम? आमचं भाड्याचं घर आहे, पहिलाच हिवाळा.

गोधडी
दोन्ही, अगदी बारीक धार. बाहेरच्या भिंतीला लागून जो नळ आहे तो नक्की. आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे खोलीतली ऊब पाईपपर्यंत जाते. मुख्य कॉक कुठे आहे ते आजच घरमालकाला विचारा, पाईप फुटल्यावर तो शोधत बसायचं नसतं, आमच्या मैत्रिणीच्या तळघरात घोटाभर पाणी आणि ती टॉर्च घेऊन कॉक शोधतेय.

खारीबिस्कीट
आणि गाडीतला टायरचा दिवा लागला तर घाबरू नका, दर १० अंश फॅरनहाईटला हवेचा दाब साधारण एक पीएसआय (दाबाचं माप) कमी होतो. हवा भरा झालं.

दिल्लीकर_तात्पुरता
धाग्यात घुसतोय. ३० डिसेंबर २०१९, दिल्ली, दिवसाचं कमाल तापमान ९.४ सेल्सियस. कमाल! १९०१ पासूनचा सगळ्यात गार डिसेंबरचा दिवस म्हणाले. तुमच्यापुढे काहीच नाही पण तुमच्याकडे घरं गरम असतात हो. आमच्याकडे संगमरवरी फरशी, खिडक्यांना फटी, आणि पोरं पुण्याहून मजा करायला आलेली. ताजमहाल बघायला नेलं. दिसला नाही. धुकं. तिकीट काढून आत उभे आणि समोर काही नाही, गाईड म्हणतोय सर वो सामने है.

रिकामटेकडा
सर वो सामने है 🤣🤣 मेलो

भटकभवानी
दिल्लीकर, हे मात्र खरं. माझी सर्वात जास्त थंडीत काकडल्याची आठवण भारतातलीच आहे, माहेरच्या बाथरूममधली

खारीबिस्कीट
अवांतर: फ्लोरिडात थंडी पडली की झाडावरून इग्वाना (मोठे सरडे) खाली पडतात माहितेय का? मेलेले नसतात, गारठून आखडलेले असतात, ऊन लागलं की उठून चालायला लागतात.

कोपरकर
आमच्या घरी पण एक आहे असा. मेव्हणा

नवीनपाखरू
सगळ्यांचं वाचून घाबरले आहे 🙈 माझी आई २० डिसेंबरला शिकागोला येतेय, पहिल्यांदाच. ती फक्त साडी नेसते, पंजाबी ड्रेस पण घालत नाही. काय करू?

पळसपान
अगं घाबरू नकोस, माझी आई पण साडीवालीच. परकराच्या आत आतून फ्लीसची लेगिंग, वर ब्लाऊजखाली पूर्ण बाह्यांचं थर्मल. साडी सुती नको, ओली झाली की संपलं. घोट्यापर्यंत येणारा लांब कोट घे, कमरेपर्यंतचा उपयोगाचा नाही. हातात बोटांचे मोजे नकोत, मिटन घे, बोटं एकत्र राहिली की गरम राहतात. आणि वाऱ्याचा आकडा बघून मगच बाहेर काढ, विंडचिल (वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान) उणे ३०-३५ सेल्सियसला गेलं की उघडी कातडी दहा-पंधरा मिनिटांतही गोठू शकते. बधिर झालं, पांढरट दिसलं तर चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं.

नवीनपाखरू
थँक्यू थँक्यू! बूट आणू का आधीच? तिचा पाय साडेसहाचा आहे

गोधडी
साडेसातचे घे. जाड मोजे बसले पाहिजेत, घट्ट झाले की पाय उलटे जास्त गार पडतात. आणि तळवा बघ, रबराचा खाचांचा. माझ्या आईला मी छान दिसणारे आणलेले, ती दारातच बसली धप्पकन.

मेतकूटभात
लागलं का हो काकूंना?

गोधडी
नाही, पण ते बूट तिने परत घातले नाहीत. अख्खा हिवाळा बाबांचे घालून फिरली, दहा नंबर