दैनंदिन मालिकेने नट घडतो की झिजतो?

अजिंक्यतारा:
सयाजी शिंदे यांचा प्रवास आपल्या साताऱ्यात एका दमात सांगितला जातो: वेळे कामथी गाव, पाटबंधारे खात्यातली रखवालदारी आणि मग एकदम ‘शूल’ हा हिंदी चित्रपट. मधली एकांकिकांची आणि नाटकांची वर्षे कोणी मोजत नाही. ‘शूल’ १९९९ साली आला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती, आणि बच्चू यादवसारखा गुंड उभा केल्यावर वर्षभरातच ते तमिळ ‘भारती’मध्ये महाकवी सुब्रह्मण्य भारती झाले. असा पल्ला तालमीशिवाय गाठता येत नाही. म्हणून माझे मत असे आहे की होतकरू मुलांनी पहिली पाच वर्षे तरी मालिकेच्या वाटेला जाऊ नये.

कृष्णाकाठ:
आणि ती पाच वर्षे चूल कशावर पेटवावी? शिंदे यांच्या पाठीशी दरमहा १६५ रुपयांची का होईना, सरकारी नोकरी होती. आजच्या मुलाला तीही नाही. २०१७ साली ‘लागिरं झालं जी’ आली तेव्हा साताऱ्याची बोली रोज संध्याकाळी घराघरांत ऐकू आली. त्यात भैय्यासाहेब रंगवणारे किरण गायकवाड पुढे ‘देवमाणूस’चे नायक झाले, ते मालिकेमुळेच.

वाड्यातली सून:
वाईजवळच्या आमच्या वाड्यात चार दिवस एका मालिकेचे चित्रीकरण झाले होते, त्यामुळे दोन शब्द लिहिते. सकाळी मेकअप चालू असतानाच संवादाचे कागद त्यात काम करणाऱ्या मुलीच्या हाती पडत. कथेतल्या एका धक्कादायक प्रसंगासाठी घरातल्या नऊही माणसांचे चेहरे एकामागून एक टिपले गेले, आणि तोवर ती तुळशीपाशी कळशी घेऊन उभी होती. (कळशी आमचीच, पोचा पडून परत आली.) मात्र आजोबांचे काम करणारे एक वयस्कर नट होते. वाक्याच्या मध्येच बाहेरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला, तेव्हा त्यांनी उचललेला हात तसाच धरून ठेवला आणि आवाज विरल्यावर त्याच पट्टीत, त्याच शब्दापासून वाक्य पुरे केले.

अजिंक्यतारा:
ताई, माझे म्हणणे तुम्हीच सिद्ध केलेत. तो हात नाटकाने घडवलेला होता.

कृष्णाकाठ:
तसा अंदाज मीही करीन, पण त्यावरून नियम काढणार नाही. सांगलीच्या सई ताम्हणकर यांनी सुरुवातीच्या काळात मालिका केल्या, आणि २०२१ च्या ‘मिमी’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले. मालिकेने त्यांचे काय झिजवले?

अजिंक्यतारा:
काहीच नाही, हे मान्य. पाच वर्षांची अट मी मागे घेतो. परंतु सई ताम्हणकर मालिकांतच अडकून राहिल्या नाहीत, वेळेत बाहेर पडल्या, हेही लक्षात घ्या. राहता राहिली चूल. मालिकेचे मानधन दिवसावर ठरत असले तरी हाती पडायला बहुधा तीन महिने लागतात. तोवर मुंबईतल्या खोलीचे भाडे साताऱ्याहून बापच पाठवत असतो.