मदत हवी आहे: सासऱ्यांची व्हीएची (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची) अपंगत्व-भत्त्याची टक्केवारी १०० वरून २० वर आणायचं पत्र आलंय

ओहायोची_सून:
नमस्कार मंडळी. विषय संकोचाचा आहे, पण इंग्रजी धाग्यांवर निम्मी वाक्यं फॉर्मच्या नंबरांचीच, वाचून डोकं गरगरलं. यातून गेलेलं कुणी इथे असेल तर सांगा.

माझे सासरे अमेरिकन, वय ७७, १९६९ साली दा नांगला होते. तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. क्लेमला काहीच त्रास झाला नाही. व्हिएतनामच्या जमिनीवर पाय ठेवलेल्या सैनिकाचा एजंट ऑरेंजशी (युद्धात फवारलेलं झाडं मारायचं विषारी रसायन) संबंध आला असं धरूनच चालतात, आणि त्यामुळे होतात असं मानलेल्या आजारांच्या यादीत हा कॅन्सर १९९६ पासून आहे. सरळ १०० टक्के मिळाले. मग रेडिएशन झालं, आता पीएसए (रक्तातली प्रोस्टेटची तपासणी) खाली आहे.

मध्यंतरी फेरतपासणीला बोलावलं. नवरा बाहेर गाडीत थांबला, हे एकटे आत गेले, वीस मिनिटांत परत. काय विचारलं? "कसं चाललंय विचारलं. ठीक म्हटलं." त्या 'ठीक'चं हे पत्र आलंय! अहवालात लिहिलंय: लघवीच्या गळतीसाठी पॅड दिवसाला एक.

खरं काय ते मला माहीत, कारण पॅडची पाकिटं मी आणते. पंचेचाळीसचं पाकीट नऊ दिवससुद्धा पुरत नाही. रात्री त्यांच्या बाथरूमचा दिवा तीन-चारदा लागतो. पण या विषयावर आमच्यात आजवर एक शब्द झालेला नाही. पाकीट मी त्यांच्या कपाटात ठेवते, दोघंही काही घडलंच नाही असं वागतो. नवऱ्यालाही वडिलांना 'दिवसाला किती' असं विचारवत नाही. साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, हे सुनेनं बघायचं असतं का?" मग कुणी बघायचं? सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली.

पत्रावर ४ तारीख आहे, आज २३. लगेच अपील टाकू का? वकील लागेल का?

कागदकिडा:
अपील आत्ता नाही. नीट वाचा, हा निर्णय नाही, प्रस्ताव आहे. पत्रावरच्या तारखेपासून (तुमच्या हातात पडल्यापासून नव्हे) ३० दिवसांत सुनावणी मागता येते आणि ६० दिवसांत पुरावा देता येतो. सुनावणी ३० दिवसांच्या आत मागितली तर ती होऊन निर्णय लागेपर्यंत पैसे कमी होत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे ११ दिवस आहेत. ते पत्र उद्याच टाका, बाकीचं मागून.

आता हिशेब. उपचार चालू असेपर्यंत १०० टक्के. ते संपल्यावर सहा महिन्यांनी फेरतपासणी, आणि गाठ परत आलेली नसेल तर मागे जो त्रास उरला त्यावर टक्के, बहुतेकांच्या बाबतीत लघवीच्या. पॅड दिवसाला दोनपेक्षा कमी वेळा बदलावं लागलं तर २०, दोन ते चार वेळा ४०, चारपेक्षा जास्त ६०. तुमच्या पाकिटाचा हिशेब पाचच्या वर जातोय! रात्रीच्या उठण्याचा तक्ता वेगळा आहे, पण दोन्हींची बेरीज होत नाही, जो त्रास मुख्य तोच धरतात.

पैशात हा फरक किरकोळ नाही. २०२५ च्या दरांनी एकट्या माणसाला १०० टक्क्यांना महिना ३,८०० डॉलरच्या वर, ४० टक्क्यांना ८०० च्या आत.

वकिलाची घाई नको. ओहायोत प्रत्येक काउंटीत माजी सैनिकांसाठी सेवा कार्यालय आहे, तिथे फुकटात मदत होते.

देशावरचा_गडी:
आमचे आबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडे सगळी झुंज 'आजार नोकरीमुळे झाला का' यावरच. भरती होताना आजाराची नोंद नसेल तर सिद्ध करायचा भार जवानावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगावं लागलं. तुमच्याकडे ते तरी आपसूक झालं. (अवांतराबद्दल माफी.)

रात्रपाळी:
मी युरॉलॉजीत नर्स आहे, व्हीएत नाही. एकच प्रश्न: रेडिएशननंतर हार्मोनची इंजेक्शनं होती का? शेवटचं कधी?

ओहायोची_सून:
होती की! शेवटचं मार्चमध्ये. पत्रात मात्र रेडिएशन संपल्याचीच तारीख आहे.

रात्रपाळी:
मग हे आधी धरा. नियमात शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो यांच्यापुढे 'इतर उपचार' असेही शब्द आहेत. ऑन्कॉलॉजिस्टकडून शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि ते कॅन्सरसाठीच होतं, हे लेखी घ्या आणि सहा महिने तिथून मोजावेत अशी मागणी करा.

दुसरं, प्रोस्टेट कॅन्सरचा व्हीएचा छापील तपासणी फॉर्म असतो, तो तुमच्या युरॉलॉजिस्टकडून भरून घ्या. त्यात आकडा हवा. 'अधूनमधून गळती' या शब्दांना तिथे टक्के नाहीत. लैंगिक क्षमता गेली असेल तर त्यासाठी वेगळी मासिक रक्कम मिळते, पण हे मुलालाच विचारू दे, तुम्ही नको.

आणि नोंदवही. दोन आठवडे, तारीख-वेळ. आमच्याकडे येणारे सगळे पुरुष 'ठीक'च असतात हो. बायको शेजारी बसलेली असली की आकडा बाहेर येतो.

ओहायोची_सून:
सुनावणीचं पत्र काउंटीतल्या बाईंनी स्वतः बसून पाठवलं, पोच घरी आहे. नोंदवहीचं नवऱ्याने काढलं तर सासरे उठून खोलीत गेले. जेवायलाही आले नाहीत.

सकाळी फ्रिजवरच्या कॅलेंडरखाली त्यांची खिशातली वही होती, पान उघडं. फौजी आकडे, एकाखाली एक: ०११०, ०३४०, ०६१५. पुढे काही नाही, नुसती बरोबरची खूण. मी काही बोलले नाही, कॉफी ठेवली.

घरच्या माणसाचं लेखी निवेदनही जोडायचंय. ते मी द्यायचं की नवऱ्याने?

कागदकिडा:
ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने. पाकिटं तुम्ही आणता, तुम्हीच लिहा. पावत्या असतील तर जोडा. आणि प्रस्ताव कायम झालाच तरी वर्षभर मुदत असते. २०१९ पासून तीन वाटा आहेत: नवा पुरावा देऊन पुरवणी क्लेम, वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपास, किंवा बोर्डाकडे अपील. फेरतपासात नवा कागद घेत नाहीत, म्हणून जे असेल ते आत्ताच आत जाऊ दे.

ओहायोची_सून:
पावत्या आहेत, चौदा महिन्यांच्या. आज रात्री लिहिते. इंग्रजीत 'सासऱ्यांचा केराचा डबा मी रिकामा करते' हे वाक्य कसं लिहायचं तेवढं सुचत नाहीये.

रात्रपाळी:
अगदी तसंच लिहा.